मोहोर खुडण्याचा धीर



आंब्याचे कलम लावले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्याला मोहोर येतो. हा मोहोर खुडून टाका, असे आम्ही शेतीखात्याची माणसे गावोगाव सांगत असतो. कारण साधे आहे. कोवळ्या झाडाने फळे पोसायला घेतली की मुळे आणि फांद्या वाढायच्या राहून जातात. पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढला, तर झाड अंग धरते आणि पुढे नातवंडांनाही फळ देते.

हे सांगणाऱ्या मी स्वतः काय केले, ते आधी कबूल करतो. बी.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागलो, तेव्हा हौसेने वडिलांच्या शेतात बारा कलमे लावली. दुसऱ्याच हिवाळ्यात चार कलमांना मोहोर आला. वडील म्हणाले, "लोकांना तूच सांगतोस ना खुडायला?" पण मला गावाला दाखवायचे होते. मोहोर ठेवला. चारही झाडांचे मिळून हाती लागले पाच आंबे. ती चार कलमे मात्र खुरटली ती खुरटलीच. बाकीच्या आठांशेजारी ती आजही धाकटी दिसतात.

घरी आलेला भाचा

आमचे बिऱ्हाड मुंबईच्या उत्तर टोकाला, दहिसरला आहे. एके काळी इथेही भातखाचरे आणि मिठागरे होती. आता इमारतींची दाटी आहे. सकाळी सारी मुंबई दक्षिणेकडे धावते, तेव्हा मी नोकरीसाठी उलटा पालघरकडे जातो.

तीन वर्षांपूर्वी माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. त्याची शेतीची पदवी झाली होती. स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी व्हायचे, हे त्याने मनाशी पक्के केले होते. बहीण दुधाच्या पैशांतून दरमहा त्याच्या खर्चाला पैसे पाठवी. तिसऱ्यांदाही यादीत नाव आले नाही, त्या रात्री पोरगा जेवला नाही. हिने ताट झाकून ठेवले, ते सकाळी तसेच होते.

रविवार होता. मी त्याला घेऊन दहिसर नदीच्या पुलापर्यंत फिरायला गेलो. तो म्हणाला, "मामा, तीन वर्षे धीर धरला. आणखी किती धरायचा? आईच्या म्हशी आटतील, पण माझी परीक्षा संपायची नाही."

मी विचारले, "तिन्ही वेळा कोणत्या विषयात किती गुण कमी पडले?" त्याला सांगता येईना. निकाल लागला की तो पुस्तके बांधून ठेवी, आणि महिन्याभराने तीच पुस्तके पुन्हा पहिल्या पानापासून उघडी. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, पोराने तीन वर्षे नुसती वाट पाहिली होती. धीर ही निराळी गोष्ट आहे. ती समजावी म्हणून मी त्याला दादाजी खोब्रागडे यांची हकीकत सांगितली.

तीन लोंब्या

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. या गावी दादाजी खोब्रागडे यांची दीड एकर जमीन होती. शाळा तिसरीपर्यंतच झालेली. १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या शेतात त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता. दुसऱ्या कोणी त्या इतर धानातच कापल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढून पिशवीत जपून ठेवल्या.

पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध सहा फूट जागेत त्यांनी ते बी लावले. रानडुकरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटेरी कुंपण केले. आलेले धान पुन्हा वेगळे ठेवले, पुन्हा लावले. धानाला वर्षातून एकच हंगाम. म्हणजे परीक्षाही वर्षातून एकदाच! दर वर्षी दाणा पाहायचा, भात शिजवून पाहायचा, चांगले तेवढे बी राखायचे. असे करत १९८८ साली त्याच भागातील एका मोठ्या शेतकऱ्याने ते बी चार एकरांत लावले. १९९० साली हे धान व्यापाऱ्याकडे गेले. त्याला नाव नव्हते. तेव्हा मनगटी घड्याळांत एचएमटीचा बोलबाला होता, म्हणून धानालाही तेच नाव पडले. हाच आपला एचएमटी तांदूळ. तीन लोंब्यांपासून बाजारापर्यंत सात वर्षे गेली.

विद्यापीठातही नवा वाण सिद्ध व्हायला आठ-दहा वर्षे सहज लागतात. निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत टिकतो की नाही, हे एकेका हंगामातच कळते. तिथे घाई चालत नाही.

पण दादाजी सात वर्षे हात जोडून बसले नव्हते, हे नीट ध्यानात घ्या. दर हंगामाला त्यांना काही ना काही खूण मिळत होती. खूण मिळाली म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी जागा वाढवली. सुरुवात मात्र सहा फुटांवर केली. सारे दीड एकर पहिल्याच वर्षी पणाला लावले असते, तर घरात खायला काय राहिले असते?

पदरी काय पडले?

यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पुढेही त्यांनी धानाचे आणखी वाण काढले. पण एचएमटीने इतरांना जसा पैसा दिला, तसा त्यांना दिला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोवर ओढगस्त सुटली नव्हती. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क देणारा कायदा २००१ साली झाला. तोपर्यंत एचएमटी दूरवर पसरले होते. तेव्हा धीर धरला की धन येतेच, असे मी म्हणणार नाही. आज तुमच्या शेतात असे काही वेगळे दिसले, तर बी राखा, वहीत टिपण ठेवा आणि आपल्या कृषी अधिकाऱ्याला दाखवून नोंदणीची चौकशी करा.

घरातील माणसांनी काय करावे?

भाच्याने त्या आठवड्यात एक वही केली. तिन्ही वर्षांचे गुण विषयवार मांडले. दोन विषयांत तो दर वेळी मागे पडत होता. आता त्या दोन विषयांना रोजचे पहिले तास देतो. सकाळी एका रोपवाटिकेत काम धरले आहे, त्यामुळे आईकडून पैसे घेणे थांबले. आणखी दोन वेळा परीक्षा द्यायची, गुण वाढत नसतील तर मार्ग बदलायचा, हे आम्ही सर्वांनी बसून ठरवले. धीराला मर्यादा आखली नाही, तर त्याचा हट्ट होतो.

माय-भगिनींनो, अशी मुले तुमच्याही घरी असतील. "झाले का रे?" असे रोज विचारू नका. रुजले की नाही ते पाहायला रोज बी उकरले, तर उगवण कशी व्हायची? महिन्यातून एकदा शेजारी बसून "या महिन्यात काय नवे जमले?" एवढेच विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.

भाच्याचा पुढचा निकाल अजून लागायचा आहे. गेल्या मे महिन्यात गावाहून त्या आठ झाडांचे आंबे आले. त्याने विचारले, "मामा, त्या चार झाडांचे नाहीत?" मी म्हटले, "त्यांचे मी तीस वर्षांपूर्वीच खाल्ले."

यंदा ज्यांनी नवी कलमे लावली असतील, त्यांनी मोहोर दिसताच खुडावा. हात जड होईल, पण खुडावा.