भारतीय सैन्यातील अपंगत्व आणि मानसिक आजार

भारतीय सैन्यातील अपंगत्व आणि मानसिक आजार हा विषय मुख्यतः तीन प्रश्नांशी निगडित आहे: जखमी अथवा आजारी सैनिकाला सेवेत ठेवावयाचे की नाही, त्याचे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवले की नाही, आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची. युद्धातील जखम बहुधा स्वतःच स्वतःचा पुरावा असते. मनाच्या आजाराला असा दृश्य पुरावा नसतो. त्यामुळे या विषयातील बहुतेक कायदेशीर वाद तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली दीर्घकाळ राहिलेल्या सैनिकांमध्ये थरथर, मूकत्व, निद्रानाश, स्मृतिभ्रंश अशी लक्षणे आढळू लागली. १९१५ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी या विकारासंबंधीच्या लेखात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरली. प्रारंभी अनेक सेनाधिकाऱ्यांनी या लक्षणांकडे भित्रेपणा किंवा कामचुकारपणा म्हणून पाहिले. पलायन, भ्याडपणा आदी गुन्ह्यांसाठी त्या युद्धात मृत्युदंड दिल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये कायद्याद्वारे मरणोत्तर माफी दिली. त्यांतील काही जण मानसिक आघाताने ग्रस्त असावेत, हे या मागणीमागील एक प्रमुख कारण होते. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली.

त्याच महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार परदेशी रणभूमीवर गेले होते. अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना एखादा व्यवसाय शिकवून स्वावलंबी करण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली. ती आज पुण्यातील खडकी येथे आहे. पुण्यातच १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्राची स्थापना झाली. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकी येथे १९७४ मध्ये पक्षाघात पुनर्वसन केंद्र उभारण्यात आले.

वैद्यकीय वर्गीकरण

सैनिकाची शारीरिक व मानसिक क्षमता ‘शेप’ या पद्धतीने ठरवली जाते. हे नाव पाच घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. मानसिक स्थिती, श्रवणशक्ती, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी हे ते पाच घटक होत. प्रत्येक घटकाला १ ते ५ अशी श्रेणी दिली जाते. १ ही श्रेणी पूर्ण क्षमता दर्शवते, तर ५ ही सेवेसाठी कायमची अपात्रता दर्शवते. मधल्या श्रेणींतील सैनिकाला न्यून वैद्यकीय वर्गात ठेवून, शक्य असल्यास, त्याला झेपेल असे काम दिले जाते. तसे काम उपलब्ध नसल्यास किंवा आजार बळावल्यास वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवरून त्याला सेवामुक्त करतात.

अपंगत्व आले म्हणून सैनिकी कारकीर्द संपतेच असे नाही. १९७१ च्या युद्धात सुरुंगस्फोटात पाय गमावलेले गोरखा पलटणीचे अधिकारी इयान कार्डोझो यांनी पुढे पलटणीचे व ब्रिगेडचे नेतृत्व केले आणि ते मेजर जनरल या पदापर्यंत पोहोचले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले. त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

अपंगत्व निवृत्तिवेतन

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे दोन अटी आहेत. अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते. तसेच ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे लागते. वैद्यकीय मंडळाने ‘सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि वाढलेलेही नाही’ असा अभिप्राय दिला, तर हे निवृत्तिवेतन नाकारले जाते. अशा सैनिकाची सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असल्यास त्याला पूर्वी मासिक निवृत्तिवेतनाऐवजी केवळ एकरकमी उपदान मिळत असे. त्यामुळे अभिप्रायातील या एका वाक्यावर तरुण वयात घरी परतलेल्या सैनिकाची उपजीविका अवलंबून राहते. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा वर्षांच्या अटीत काही प्रमाणात सवलत दिली.

१९८२ च्या नियमावलीनुसार, भरतीच्या वेळी कोणत्याही व्याधीची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा शरीराने व मनाने सुदृढ होता असे गृहीत धरले जात असे. आपला हक्क सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसे आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला मिळत असे.

न्यायालयीन निर्णय

या तरतुदींचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१३) या निकालात स्पष्ट केला. १९८५ मध्ये भरती झालेल्या या सैनिकाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्मारामुळे सेवामुक्त करण्यात आले होते. आजार प्रकृतिगत असून सेवेशी संबंधित नाही, असे वैद्यकीय मंडळाचे मत होते. मात्र त्याची कारणे नोंदवलेली नव्हती. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसल्यास तो सेवाकाळात उद्भवला असे मानावे आणि त्याविरुद्धचे मत मंडळाने कारणांसह नोंदवावे, असे न्यायालयाने ठरवले.

मानसिक आजारांना हे तत्त्व तितक्या सरळपणे लागू झाले नाही. स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. असा विकार अधूनमधून प्रकट होत असल्याने भरतीच्या तपासणीत तो आढळेलच असे नाही. म्हणून केवळ नोंद नाही एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे मानता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. २०२५ मध्ये मात्र याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात, मंडळाने कारणे दिली नसल्यास निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला.

केंद्रीय राखीव पोलीस दल हे सैन्याचा भाग नसून निमलष्करी दल आहे. त्यातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक अपंगत्वामुळे घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असे मत नोंदवले.

सैन्यातील अशा तक्रारी सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे चालतात. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले असून २००९ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. त्याचे एक विभागीय पीठ मुंबईत आहे.

मतभेद

सेवेत झालेला प्रत्येक आजार सेवेमुळेच झाला असे मानता येत नाही, ही शासनाची भूमिका आहे. रक्तदाबासारखे विकार नागरी जीवनातही आढळतात आणि सवलतींचा गैरवापर होऊ शकतो, असा युक्तिवाद केला जातो. उलटपक्षी, कुटुंबापासून दीर्घकाळचा विरह, अतिउंच प्रदेशातील नेमणुका, अपुरी झोप आणि सततचा धोका यांचा मनावर होणारा परिणाम कागदोपत्री दाखवणे सैनिकाला जवळजवळ अशक्य असते, असे माजी सैनिकांचे म्हणणे आहे. आजार उघड केल्यास वैद्यकीय श्रेणी घसरून बढतीवर परिणाम होईल, या भीतीने काही सैनिक उपचार घेण्याचे टाळतात. परिणामी आजाराची वेळेवर नोंद होत नाही आणि पुढे हक्क सांगताना पुरावा कमी पडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नियमावली लागू झाली. तिच्यानुसार अपंगत्व असूनही सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्वापोटी मिळणाऱ्या वेतनांशाऐवजी अक्षमता साहाय्य या नावाची स्वतंत्र रक्कम ठरवण्यात आली. माजी सैनिकांच्या काही संघटनांनी तिला आक्षेप घेतला आहे.