पेट्रोल इंजिन 'ओव्हर' झाले तर काय करावे?

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीवरील फुटवे कोवळे असतात. रात्री पाऊस होऊन जातो आणि केवड्याच्या धास्तीने सकाळी पाने वाळताच फवारणी घ्यायची असते. नेमके अशा वेळी फवारणी पंपाचे पेट्रोल इंजिन सुरू होत नाही. दोरी ओढून खांदा भरून येतो, पेट्रोलचा वास सुटतो आणि जितकी जास्त दोरी ओढावी तितके इंजिन अधिकच अडून बसते. मेकॅनिक याला 'इंजिन ओव्हर झाले' असे म्हणतात. विडर, पाण्याचा छोटा पंप, जुनी मोटार या सर्वांना हा दोष सारखाच जडतो.

पेट्रोल नुसते जळत नाही, हवेत मिसळल्यावरच जळते. साधारणपणे १ किलो पेट्रोलला १४ ते १५ किलो हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला चोक लावून हवा कमी केली जाते व पेट्रोलचे प्रमाण वाढविले जाते. परंतु चोक लावलेला ठेवून दोरी ओढतच राहिल्यास पेट्रोल सिलिंडरमध्ये साचते आणि प्लगचे टोक भिजते. ओल्या टोकावर ठिणगी पडत नाही किंवा फार क्षीण पडते. मग आत आलेले पेट्रोल जळत नाही आणि पुढच्या ओढीला त्यात आणखी भर पडते.

तेव्हा प्रथम हात थांबवावा. पेट्रोलचा कॉक बंद करावा, चोक पूर्ण उघडावा, रेस पूर्ण द्यावी आणि पाच-सहा वेळा दोरी ओढावी. भरपूर हवा आत गेल्याने साचलेले पेट्रोल बाहेर पडते व बहुतेक वेळा इंजिन फटफट करीत पेट घेते. पेट घेताच रेस कमी करून कॉक उघडावा. तरीही सुरू न झाल्यास दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा हेच करून पाहावे.

एवढ्याने भागले नाही तर प्लग काढावा. निदान खरे येथेच होते. प्लग ओला असून पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन ओव्हर झाले आहे. प्लग कोरडा असेल, तर उलट पेट्रोलच पोहोचत नाही. मग टाकी, कॉक व जेट पाहावे. प्लग काजळीने काळा झाला असेल, तर इंजिन बरेच दिवस जादा पेट्रोलवर चालत आहे असे समजावे.

प्लग काढल्यावर इंजिनचे बटण बंद करावे, प्लगची टोपी छिद्रापासून दूर ठेवावी आणि आठ-दहा वेळा दोरी ओढून सिलिंडर मोकळा करावा. छिद्रातून पेट्रोलचा फवारा येतो, म्हणून तोंड समोर नेऊ नये. जवळ विडी, चूल वा स्टोव्ह नसावा. ओला प्लग गॅसवर भाजण्याची सवय पुष्कळांना आहे, ती सोडावी. कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवला तरी काम होते. टोकातील अंतर चार-स्ट्रोक छोट्या इंजिनांत साधारण ०.७ ते ०.८ मि.मी. असते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल खालच्या क्रँककेसमध्येही साचते, त्यामुळे दोरी अधिक वेळा ओढावी लागते.

दोरी एकाएकी अडून हलेनाशी झाली तर मात्र जोर लावू नये. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असू शकतो व द्रव दाबला जात नाही. अशा वेळी जोर केल्यास इंजिनचा दांडा वाकतो. आधी प्लग काढावा, मगच दोरी ओढावी.

एखाद्या वेळी असे झाले तर चूक चालविणाऱ्याची, हे मोकळेपणाने मान्य करावे. दुपारी जेवणासाठी बंद केलेले गरम इंजिन पुन्हा सुरू करताना चोक लावणे, ही सर्वांत नेहमीची चूक होय. पण रोजच असे होत असेल तर दोष शोधावा. विडर धुळीत चालतो, तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा. तो धुळीने वा ऑईलने बुजला की चोक लावल्यासारखाच परिणाम होतो. नंतर चोकची पट्टी पूर्ण उघडते का ते बघावे. ठिणगी क्षीण असली तरी पेट्रोल न जळता साचते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. काही इंजिनांत ऑईल कमी झाले की ठिणगीच बंद होते, म्हणून ऑईलची पातळीही तपासावी.

खरा चोर पुष्कळदा कार्बोरेटरच्या वाटीत असतो. वाटीतील पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि निडल पेट्रोलची वाट बंद करते. निडलखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा फ्लोटला भोक पडले, तर पेट्रोल वाहतच राहते. एअर फिल्टर काढून कॉक उघडावा व थोडा वेळ थांबावे. इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकले तर निडल धरत नाही हे नक्की. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोकल्यास कण कधी कधी सुटतो. न सुटल्यास वाटी उघडून साफ करावी. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल वाजले तर तो बदलावा.

निडल गळकी असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला असेल, तर पेट्रोल रिंगांमधून खाली ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पातळी वाढलेली दिसली, ते पातळ झाले असले व त्याला पेट्रोलचा वास आला, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. असे ऑईल वंगण देत नाही आणि इंजिन जाम होऊ शकते. ट्रॉलीतून नेतानाही कॉक बंद असावा, कारण हिसक्यांनी निडल उघडते.

हंगाम संपल्यावर कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या उसापासूनही होते, पण ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने वाटीत राहिलेले पेट्रोल चिकट होते व निडल चिकटते.

कार्बोरेटरच्या जुन्या मोटारीत अॅक्सिलरेटर वारंवार दाबू नये, कारण दर दाबाला पेट्रोलची पिचकारी आत जाते. पेडल एकदाच तळापर्यंत दाबून धरावे, चोक उघडा ठेवावा, पाच-सात सेकंद सेल मारावा आणि बॅटरीला थोडी उसंत द्यावी. इंजेक्शनच्या बहुतेक मोटारींतही पेडल पूर्ण दाबून सेल मारल्यास इंजेक्टर बंद राहतात व आतले पेट्रोल निघून जाते. अंगणातून चार पावले सरकवून थंड इंजिन लगेच बंद केल्यास या मोटारीही ओव्हर होतात, म्हणून गाडी हलविली की तिला थोडा वेळ चालू ठेवावे.