फोनची शाकारणी

आम्ही शेलूची माणसं पावसाआधी घर शाकारतो. फुटकं कौल बदलतो. कुजका वासा काढून नवा घालतो. फोनचंही तसंच आहे बघा.

पुष्कळ फोन अँड्रॉइड नावाच्या यंत्रणेवर चालतात. तिच्यात चूक राहिली, की चोराला वाट मिळते. ती बुजवणे म्हणजे कौल बदलणे. कधी वासेही बदलतात. २०१४ च्या पाचव्या अँड्रॉइडमध्ये मराठी आली. २०१५ च्या सहाव्यात, कॅमेरा वापरण्यापूर्वी ॲपने मालकाची परवानगी घ्यावी, असे ठरले.

या दुरुस्तीला अपडेट म्हणतात. ती फुकट मिळते. पण ती फोनच्या सेटिंग्जमधूनच घ्यावी. अनोळखी माणसाने लिंक धाडली, तर तिला बोट लावू नये. परक्याला आपण छपरावर चढू देतो का?