पिकअपचे ब्रेक पॅड

पुढे चालकाची बंदिस्त खोली आणि मागे माल लादण्याचा उघडा हौदा, अशा घडणीच्या हलक्या मालवाहू गाडीस 'पिकअप' म्हणतात. अमेरिकेत शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत अनेकांच्या दारी ती उभी असते आणि तिची किरकोळ दुरुस्ती मालकाने स्वतःच अंगणात करावी, असा तेथील जुना परिपाठ आहे. पुढील चाकांचे ब्रेक पॅड बदलणे हे अशाच कामांपैकी एक होय. मात्र 'किरकोळ' हे विशेषण येथे जपून वापरले पाहिजे.

मालासह २,५०० किलोग्रॅम वस्तुमानाची पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी सुमारे ६ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवावयाची तर ह्या ऊर्जेची उष्णता करावी लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे दोन लिटर पाणी उकळीस आणता येईल, आणि ती काही सेकंदांत निर्माण होते! थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून पुढील चाकांच्या ब्रेकवर अधिक ताण येतो.

चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिला दोन्ही अंगांनी कवेत घेणाऱ्या कॅलिपरमध्ये दोन पॅड बसविलेले असतात. पेडल दाबले की नळीतील द्रवाचा दाब, पास्कलच्या नियमानुसार, कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोहोचतो आणि पॅड तबकडीवर आवळले जातात. ह्या रचनेतील खरी करामत दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्यात आहे. ब्रेक लागताना ते कडे किंचित मुरडते. पाय उचलताच पूर्ववत होऊन दट्ट्याला केसभर मागे ओढते. पॅड झिजला असेल, तर दट्ट्या कड्यातून थोडासा पुढे घसरतो आणि तेथेच राहतो. झीज अशी आपोआप भरून निघाल्याने पेडल नेहमीसारखेच लागते आणि चालकाला काहीच कळत नाही. टाकीतील द्रवाची पातळी मात्र हळूहळू उतरते. काही पॅडांना पोलादी पट्टी असते; थर संपत आला की ती तबकडीला घासून किंचाळते. थर ३ मिलिमीटरच्या आसपास उरला की पॅड बदललेले बरे.

ह्या द्रवास आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण हे नाव फसवे आहे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो. त्याऐवजी इंजिनाचे तेल ओतल्यास रबरी भाग फुगून निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो.

कामास सपाट, कठीण जमीन हवी. हँडब्रेक ओढून मागील चाकांना ठोकळे लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅक केवळ उचलण्यासाठी. उचललेली गाडी घोडीवर टेकविल्याखेरीज चाकाशी हात घालू नये. जॅक घसरल्याने माणसे दगावली आहेत. सोडविलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. तेथील काळी धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकमध्ये अनेक दशके ॲस्बेस्टस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेल्यास कर्करोग संभवतो.

नवे पॅड जाड असतात. त्यांना जागा व्हावी म्हणून पुढे आलेला दट्ट्या शिकंज्याने सावकाश मागे दाबावा लागतो. त्या वेळी द्रव टाकीत परततो. टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर तो ओसंडून गाडीचा रंग खातो. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूस ओढते. त्यांच्या घर्षणपृष्ठास वंगणाचे बोट लागू देऊ नये.

सर्वांत मोठा धोका काम संपल्यावर असतो. दट्ट्या मागे गेल्यामुळे पॅड व तबकडी यांत मोकळी जागा राहते. पहिल्या दाबास पेडल थेट तळाशी जाते, ब्रेक लागतच नाही. म्हणून चाके बसवून नट आवळल्यावर, गाडी जागेवरच असताना, पेडल कठीण लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे. नंतर टाकीतील पातळी पाहावी. मग मोकळ्या रस्त्यावर मंद वेगाने, रिकाम्या हौद्यानिशी, पहिली चाचणी घ्यावी.