बॅटरी लुकलुकतेय? नवी घेण्याआधी या ५ गोष्टी तपासा

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, सिल्लोड, पैठण भागात रब्बीत रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात बॅटरी असतेच. कारण कृषिपंपांची थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री मिळते. अशा वेळी बांधावर उजेड गेला तर? विषारी मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही. त्यामुळे ती आधी दिसणं गरजेचं. दिलासा एवढाच, की लुकलुकणारी बॅटरी अनेकदा घरीच दुरुस्त होते.

उजेड का लुकलुकतो?
सेल, स्प्रिंग, बटण आणि एलईडी अशी विजेची एक साखळी असते. तिच्यात कुठेही गंज, धूळ किंवा ढिलेपणा आला, की प्रवाह तुटक होतो. जुन्या बल्बची तार तापलेली राहत असल्याने क्षणभराचा खंड कळत नसे. एलईडी मात्र प्रवाह तुटताच विझतो.

काय तपासाल?
१. सेल : नव्या साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो. सगळे सेल एकदम बदला. जुने-नवे एकत्र घातले तर जुना लवकर संपतो आणि गळू शकतो.

२. गंज : टोकं आणि स्प्रिंग कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने घासा. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी दिसली तर हातमोजे घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा बोळा फिरवा. नंतर ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळवा.

३. स्प्रिंग, झाकण : दबलेली स्प्रिंग हलकेच ओढा. झाकणाचे आटे पुसा आणि घट्ट फिरवा.

४. बटण : धातूच्या बॅटरीचं मागचं झाकण काढा. सेलचं खालचं टोक आणि बॅटरीची उघडी धातूची कड छोट्या वायरने जोडा. उजेड स्थिर राहिला, तर दोष झाकणातल्या बटणात आहे. ही चाचणी फक्त साध्या सेलवर करा, लिथियमवर नको.

५. चार्जिंगची बॅटरी : लिथियम सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो. चार्ज संपत आल्यावर काही बॅटऱ्या मुद्दाम उघडझाप करतात. तो इशारा असतो, बिघाड नव्हे. सेल फुगला असेल तर मात्र वापर लगेच थांबवा. त्याला टोचू नका, कचऱ्यात किंवा आगीत टाकू नका.

फक्त मोबाईलमध्येच लुकलुकते?
मंद उजेडाच्या मोडवर काही बॅटऱ्या एलईडी अतिवेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. हा दोष नाही.

हे लक्षात ठेवा
बॅटरी महिनोन्महिने वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. आणि दुरुस्तीनंतर घरातच दहा मिनिटं लावून, हलवून पाहा. शेतात ती पहिल्यांदा तपासू नका.