एकट्याची वाट आणि दोन कागद

एके सायंकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने सभासद आले. बोनसचा प्रश्न नव्हता की बदलीची तक्रार नव्हती. त्यांचा मुलगा अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात नोकरीस आहे. तेथील ग्रँड कॅन्यन या दरीत पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन दिवस एकट्यानेच भटकण्याचा बेत त्याने कळविला होता. "अण्णा, जाऊ नको म्हणून तुम्हीच त्याला सांगा," असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, "जाऊ नको म्हटल्याने तरणा मुलगा थांबत नाही. कसे जावे ते आपण शोधून काढू." मग आम्ही नकाशे व पुस्तके घेऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

ही दरी कोलोरॅडो नदीने कोरलेली आहे. तिची लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, आणि खोली ठिकठिकाणी दीड किलोमीटरहून जास्त. आपल्याला गडकिल्ल्यांची सवय. गड चढताना दम लागला की माणूस मुकाट्याने मागे फिरतो, कारण परतीची वाट उताराची असते. येथे सारेच उलटे. ताज्या पायांनी आधी उतरावयाचे आणि थकलेल्या पायांनी मग चढावयाचे. उतरताना दरी आपल्याला फसवते, तिचा हिशेब ती चढताना वसूल करते. चढण्यास उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा, असा तेथला नियम आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. खाली जावे तसा उकाडा वाढतो. काठापेक्षा तळ दहा-बारा अंशांनी अधिक तापलेला असतो, आणि उन्हाळ्यात तळाशी पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून वसंत किंवा शरद ऋतू निवडावा, पहाटे निघावे, आणि ऊन असेल तर सकाळी दहा ते दुपारी चार सावलीत काढावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी धरावे, उकाड्यात अधिक. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा पाणी हेच मुख्य ओझे. नुसतेच पाणी ढोसणेही घातक आहे. घामावाटे मीठ जाते, ते खारवलेल्या खाण्यातून भरून काढले नाही तर रक्तातील क्षार उतरून माणूस भ्रमिष्ट होतो. भट्टीपुढे काम केलेल्यास हे निराळे सांगावयास नको.

या तिन्ही गोष्टी जमेस धरून बेत असा ठरला. पहिल्या दिवशी साउथ कायबाब वाटेने उतरावयाचे : सुमारे ११ किलोमीटर, उतार १,४५० मीटरांचा. या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती चढण्यास घेऊ नये. मुक्काम नदीकाठच्या तळावर. दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने सुमारे आठ किलोमीटर चढून हवासुपाई गार्डन्स येथे मुक्काम. तिसऱ्या दिवशी उरलेले सात किलोमीटर व ९०० मीटरांची चढण भल्या पहाटे संपवावयाची. मुक्कामाचा परवाना महिनोन्‌महिने आधी मागावा लागतो. वाटेवरच्या नळाची वाहिनीही वारंवार फुटते, म्हणून पाण्याची चौकशी निघण्याच्या दिवशी पुन्हा करावी.

त्या मधल्या मुक्कामाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथे हवासुपाई लोक शेती करीत. उद्यान झाल्यावर त्यांना हुसकावण्यात आले; त्यांच्यातील शेवटच्या रहिवाशास १९२८ साली निघावे लागले. त्या जागेस त्यांचे नाव मिळण्यास २०२२ साल उजाडले. पाहुण्याने तेथले पाणी पिताना एवढे स्मरावे.

पावसाचे भय निराळे. जुलै ते सप्टेंबर या काळात तेथे वादळी पाऊस होतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ प्रवासी लोंढ्यात मेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस जवळजवळ नव्हताच. तो कोसळला होता कित्येक किलोमीटर दूर. आपल्या सांदण दरीत पावसाळ्यात शहाणा माणूस उतरत नाही, त्याचे कारणही हेच.

आता मुख्य प्रश्न एकटेपणाचा. एप्रिल २००३ मध्ये ॲरन रॅल्स्टन हा कसलेला गिर्यारोहक युटा संस्थानातील एका घळीत एकटाच गेला. निखळलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. तो कोठे गेला हे कोणासही ठाऊक नव्हते. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून तो सुटला. त्याच्याजवळ धैर्य होते, कौशल्य होते. नव्हता तो एक कागद. आणि त्याचा शोध सुरू झाला तो कशामुळे? तो कामावर आला नाही हे सोबत्यांच्या लक्षात आले म्हणून!

खाणीत उतरणाऱ्याची नोंद वर ठेवलेली असते. जितके आत गेले तितके बाहेर आल्याशिवाय पाळी संपली असे कोणी मानीत नाही. दरीत एकट्याने जाणाऱ्यासही हाच कायदा. म्हणून दोन कागद लिहावेत : वाट, मुक्काम, मोटारीचा क्रमांक व ती उभी केल्याची जागा, पिशवीचा रंग, बाहेर येण्याची वेळ, आणि ती टळल्यास कोणास कळवावे. एक कागद तेथल्या सोबत्याकडे, एक घरी. मग ठरलेली वाट सोडावयाची नाही. दरीत मोबाईल बहुधा चालत नाही. उपग्रहावरून निरोप पोचविणारे यंत्र जवळ असावे, परंतु कागदाची जागा ते घेत नाही.

मुलाने दोन्ही कागद लिहिले. ऑक्टोबरात तो गेला. बाहेर येण्याची अखेरची वेळ तेथील सायंकाळी सहा, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळी साडेसहा. कागद वडिलांनी दिनदर्शिकेला टाचून ठेवला होता. पहाटे साडेतीनला निरोप आला : "वर आलो." सकाळी ते कचेरीत आले, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, हजेरी लागली."