तोंडी नकाराला अपील नसतं

दिव्यांगांचे अर्ज नाकारले गेल्यावर करायच्या अपिलाचा मसुदा या आठवड्यात देणार होतो, पण एका वाचकाच्या प्रश्नामुळे तो पुढे ढकलतो आहे. त्यांनी विचारलं आहे, ‘मोफत वकील मिळवायला उत्पन्नाचा दाखला लागतो का? तहसील कार्यालयात तर पन्नास हजारांची मर्यादा सांगतात.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पन्नास हजारांची वार्षिक मर्यादा संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबासाठी आहे. वकील मिळतो तो विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली, आणि त्याच्या कलम 12 मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांच्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीचीही स्वतंत्र नोंद आहे. उत्पन्नाची अट त्याच कलमातल्या शेवटच्या, वेगळ्या गटाला लागते. दिव्यांग व्यक्तीने दिव्यांग म्हणून अर्ज केला की उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही.

यापुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रच नाकारलं गेलं, किंवा ज्याची टक्केवारी चाळीसच्या खाली लावली गेली, त्याने हा हक्क कशाच्या आधारावर मागायचा? वाद ज्या कागदाचा, तोच कागद मदतीसाठी मागितला तर माणूस दोन्हीकडून अडकतो. कलम 12 मध्ये हवाला आहे 1995 च्या दिव्यांग कायद्यातल्या व्याख्येचा. त्या कायद्याची जागा आता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली आहे. या नव्या कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन व्याख्या आहेत. चाळीस टक्के फक्त दुसरीत येतात. पहिलीत दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनात्मक कमतरता आणि तिच्यामुळे समाजातल्या सहभागात येणारा अडथळा, एवढंच पाहिलं जातं. म्हणून माझं वाचन असं की चाळीस टक्के ही योजनेची पायरी आहे, वकिलाची नाही. उपचारांची कागदपत्रं, जुने केसपेपर आणि केलेल्या अर्जाची पोच हे विधी सेवा कार्यालयात नेण्यासारखे पुरावे आहेत. 1987 च्या अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे तिथे पाहतात, आणि त्यासाठी या कागदांचा उपयोग होतो.

पण वकील मिळाला की त्याच्याकडून काय करून घ्यायचं? बहुतेकांच्या मनात वकील म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे सगळे दरवाजे बंद झाल्यावरची जागा. कायदा असं म्हणत नाही. 1987 च्या अधिनियमातल्या ‘विधी सेवे’च्या व्याख्येत न्यायालयाबरोबर इतर प्राधिकरणांपुढचं कामकाज येतं आणि नुसता कायदेशीर सल्लाही येतो. त्यामुळे ही मदत पहिल्या अर्जापासून मागावी, असा माझा आग्रह आहे. दावे पुष्कळदा खिडकीवरच मरतात. ‘यात बसत नाही’, ‘पुढच्या महिन्यात या’, ‘साईट बंद आहे’ अशी उत्तरं मिळतात, कागदावर काहीच उमटत नाही आणि अर्जदार घरी जातो. 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं, पण त्यासाठी मुळात निर्णय हातात हवा. 2017 च्या नियमांनी प्रमाणपत्र नाकारताना कारणं लेखी कळवण्याची सक्ती केली आणि त्यासाठी स्वतंत्र नमुनाही दिला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच द्यावी लागते, नकार सकारण आणि लेखी द्यावा लागतो, आणि त्यावर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. वकिलाचं किंवा विधी स्वयंसेवकाचं पहिलं काम हा लेखी नकार मिळवणं हे आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. योजना इतकी सोपी असावी की वकील लागूच नये, आणि वकिलांची सवय लागली तर कार्यालयं सुधारणार नाहीत. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा पटत नाही, कारण कारणं लिहून द्यावी लागली की कार्यालयाला स्वतःचा निर्णय तपासावा लागतो, आणि त्याचा फायदा वकील नसलेल्या पुढच्या अर्जदारालाही होतो. दुसरा आक्षेप रकमेचा. 2025 च्या वाढीनंतर दिव्यांगांना संजय गांधी योजनेत दरमहा 2,500 रुपये मिळतात, एवढ्यासाठी वकील कशाला? अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या दिव्यांगत्व दाव्यांत वकिलाची फी सहसा मंजूर थकबाकीतून जाते, पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. त्यामुळे तिथे खासगी वकील ही कामं घेतात. आपल्याकडे फी देऊन वकील लावला तर कित्येक महिन्यांचं अनुदान त्यातच जाईल. रक्कम लहान आहे म्हणूनच मदत मोफत असायला हवी. आणि ज्या घरात दुसरी मिळकत नाही, तिथे ही रक्कम लहान नसते.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, किंवा आधी 15100 या क्रमांकावर विचारावं. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल, जिना चढता येत नसेल, तर ते अर्जातच लिहावं. 2016 च्या कायद्याच्या कलम 12 ने विधी सेवा प्राधिकरणांवर अशा वाजवी सोयी करण्याची जबाबदारी टाकली आहे. लेखी नकार हातात आल्यावर अपिलात काय लिहायचं, तो मसुदा पुढच्या भागात.